अंतर, वेग आणि वेळ: शाब्दिक उदाहरणांतून समीकरण कसे काढावे

‘३क्ष + ५ = २०’ हे समीकरण सहज सोडवणारा विद्यार्थी ‘ठाण्याहून एक बस सकाळी साडेसहाला निघाली’ असे वाक्य वाचताच पेन खाली ठेवतो, हा अनुभव गणित शिकवणाऱ्या बहुतेकांना येतो. त्याला बीजगणित येत नसते असे नाही. गोष्टीतून समीकरण कसे काढायचे, हे त्याला कोणी वेगळे करून दाखवलेले नसते. फळ्यावर ‘समजा, बसचा वेग क्ष आहे’ असे लिहिले जाते आणि दुसऱ्याच ओळीला समीकरण उभे राहते. मधली जी पायरी खरोखर अवघड आहे, तीच गाळली जाते. या लेखाचा भर त्या मधल्या पायरीवर आहे. आठवी ते दहावीचे विद्यार्थी, त्यांचा अभ्यास घेणारे पालक आणि स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने बऱ्याच वर्षांनी गणिताकडे वळलेले उमेदवार, या सर्वांना तो उपयोगी पडावा. उदाहरणे ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली घेतली आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्यांतली बरीचशी अंतरे, वेग आणि वेळा सोयीने धरल्या आहेत.

पुढे जे काही येईल त्याचे सूत्र एकच आहे: अशा प्रत्येक उदाहरणात काहीतरी समान असते. कधी दोघांनी कापलेले अंतर समान असते, कधी दोघांना लागलेला वेळ समान असतो, तर कधी दोन अंतरांची किंवा दोन वेळांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी असते. समान काय आहे ते सापडले की समीकरण सापडले, बाकीचे काम केवळ आकडेमोडीचे उरते.

सूत्र एकच

अंतर = वेग × वेळ. वेग = अंतर ÷ वेळ आणि वेळ = अंतर ÷ वेग ही याच सूत्राची दोन रूपे आहेत. काही ठिकाणी त्रिकोण काढून, त्यातले एक अक्षर बोटाने झाकून सूत्र आठवण्याची युक्ती शिकवली जाते. ज्याला समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागता येते, त्याला या त्रिकोणाची काहीच गरज नाही; उलट परीक्षेच्या घाईत कोणते अक्षर वर आणि कोणते खाली, हाच गोंधळ होतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. आज एखादी लोकल हेच अंतर ५१ मिनिटांत कापते असे धरल्यास तिचा वेग किती? ५१ मिनिटे म्हणजे ५१/६० तास, अर्थात ०.८५ तास. ३४ ÷ ०.८५ = ४०, म्हणून वेग ताशी ४० किलोमीटर. हा सरासरी वेग आहे, हे लक्षात घ्यावे. गाडी दादरला, कुर्ल्याला, घाटकोपरला थांबते तेव्हा तिचा वेग शून्य असतो आणि दोन स्थानकांच्या मध्ये तो ४० पेक्षा बराच जास्त असू शकतो. उदाहरणात ‘एकसारख्या वेगाने’ असे लिहिलेले असो वा नसो, थांब्यांचा वेगळा उल्लेख नसेल तर दिलेला वेग सरासरी समजूनच पुढे जावे.

आधी एकके एकसारखी करावीत

निम्मी उदाहरणे इथेच बिघडतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबणे योग्य ठरेल.

वेग ‘किलोमीटर दर ताशी’ असेल तर वेळ तासांत आणि अंतर किलोमीटरमध्ये हवे. वेग ‘मीटर दर सेकंद’ असेल तर वेळ सेकंदांत आणि अंतर मीटरमध्ये हवे. मिनिटे ही या दोहोंच्या मध्ये लुडबूड करणारी असल्यामुळे त्यांचे तासांत किंवा सेकंदांत रूपांतर केल्याशिवाय समीकरण लिहूच नये.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे १ तास २० मिनिटे हा वेळ १.२० तास असा लिहिणे. तासाचे भाग साठ असतात, शंभर नव्हेत. २० मिनिटे म्हणजे २०/६०, म्हणजेच १/३ तास, त्यामुळे १ तास २० मिनिटे म्हणजे ४/३ तास. इथे दशांश अपूर्णांकाऐवजी साधा अपूर्णांक वापरणे केव्हाही चांगले. १.३३ लिहिले की उत्तरात थोडी गळती होते, ४/३ लिहिले की छेद पुढे आपोआप कटतात.

हीच चूक उलट्या दिशेनेही होते. शिवडी ते न्हावा शेवा जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. कोणी पूर्ण सेतू नेमक्या याच वेगाने पार केला असे धरल्यास वेळ लागेल २१.८ ÷ १०० = ०.२१८ तास. हे पाहून कोणी ‘सुमारे २२ मिनिटे’ असे उत्तर लिहितो. प्रत्यक्षात ०.२१८ ला ६० ने गुणायला हवे, म्हणजे १३.०८ मिनिटे. त्यातला .०८ हाही मिनिटाचा भाग आहे, तो सुमारे ५ सेकंदांचा भरतो. उत्तर १३ मिनिटे ५ सेकंद.

ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे असल्यास ५/१८ ने गुणावे, उलट करायचे असल्यास १८/५ ने. हा आकडा येतो कुठून? १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद आणि १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले की ५/१८ उरतात. पाठ करायचेच असेल तर एक जोडी पुरे: ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्यावरून ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २० हे तोंडी निघते, आणि उदाहरणे रचणाऱ्यांनाही हेच आकडे प्रिय असतात.

मग तक्ता मांडावा

उदाहरण दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नये. कोण कुठून कुठे जाते आहे आणि शेवटी विचारले काय आहे, एवढेच पाहावे. दुसऱ्या वाचनात एक छोटा तक्ता करावा. जितके प्रवासी किंवा जितके टप्पे, तितक्या ओळी आणि स्तंभ तीनच: वेग, वेळ, अंतर. प्रत्येक ओळीत एक चौकट दिलेल्या संख्येने भरते, दुसरी चलाने भरते आणि तिसरी आपण सूत्राने भरायची असते. तिसरी चौकट दिलेल्या माहितीतून शोधत बसू नये, ती तिथे नसतेच.

प्रत्यक्ष पाहू. नवी मुंबईतला पाम बीच रस्ता वाशीपासून बेलापूरपर्यंत जातो. त्याची लांबी १० किलोमीटर धरू. एक सायकलस्वार सकाळी ६ वाजता वाशीच्या टोकाकडून ताशी १२ किलोमीटर वेगाने निघतो. दुसरा ६ वाजून १० मिनिटांनी बेलापूरच्या टोकाकडून ताशी १८ किलोमीटर वेगाने त्याच्या दिशेने निघतो. दोघे किती वाजता समोरासमोर येतील?

विचारली आहे वेळ, म्हणून चलही वेळेसाठीच घ्यावा. वाशीचा स्वार भेटीपर्यंत क्ष तास सायकल चालवतो असे मानू. दुसरा १० मिनिटे, म्हणजे १/६ तास उशिरा निघाला. इथे क्षणभर थांबून ठरवावे की १/६ मिळवायचा की वजा करायचा. जो उशिरा निघतो, त्याने भेटीच्या क्षणापर्यंत कमी वेळ सायकल चालवलेली असते. म्हणून त्याचा वेळ क्ष − १/६. ‘उशिरा म्हणजे जास्त’ असे कानाला वाटते खरे, पण घड्याळातली निघण्याची वेळ जास्त असते, प्रवासाचा वेळ कमी असतो.

| | वेग (किमी/तास) | वेळ (तास) | अंतर (किमी) |
|---|---|---|---|
| वाशीचा स्वार | १२ | क्ष | १२क्ष |
| बेलापूरचा स्वार | १८ | क्ष − १/६ | १८(क्ष − १/६) |

आता प्रश्न एकच: समान काय आहे? दोघे समोरासमोर येतात त्या क्षणी दोघांनी मिळून संपूर्ण रस्ता कापलेला असतो, म्हणजे दोन अंतरांची बेरीज १० आहे. यावरून

१२क्ष + १८(क्ष − १/६) = १०
१२क्ष + १८क्ष − ३ = १०
३०क्ष = १३
क्ष = १३/३०

१३/३० तास म्हणजे २६ मिनिटे. भेट ६ वाजून २६ मिनिटांनी होईल. ताळा करून पाहू: पहिल्याने २६ मिनिटांत ५.२ किलोमीटर कापले, दुसऱ्याने १६ मिनिटांत ४.८ किलोमीटर आणि बेरीज १०. ताळा समीकरणात किंमत ठेवून करण्यापेक्षा असा मूळ गोष्टीत ठेवून करावा, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर त्याची उकल त्या चुकीच्या समीकरणात बिनचूक बसते आणि आपली फसगत होते.

पाठलाग: अंतर समान

मुलगी शाळेचा डबा घरी विसरली आणि ठाणे स्थानकाजवळून घोडबंदर रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये चढली. बसचा सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर आहे. बस सुटल्यानंतर बरोबर १० मिनिटांनी तिचा दादा त्याच थांब्यापासून मोटारसायकलने ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघाला. तो बस कुठे गाठेल?

बसला लागलेला वेळ क्ष तास मानल्यास दादाचा वेळ क्ष − १/६. बसने कापलेले अंतर २४क्ष, दादाने कापलेले ३६(क्ष − १/६). दोघे एकाच ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी पोहोचले, त्यामुळे इथे अंतरांची बेरीज घ्यायची नाही, ती दोन अंतरेच समान आहेत.

२४क्ष = ३६क्ष − ६
१२क्ष = ६
क्ष = १/२

बस सुटल्यापासून अर्ध्या तासाने, म्हणजे दादा निघाल्यापासून २० मिनिटांनी, १२ किलोमीटरवर दोघांची गाठ पडेल.

आता याच उदाहरणात एक वाक्य वाढवू: मुलीचा थांबा १० किलोमीटरवर आहे. समीकरण तेच राहते, उकलही तीच येते, पण उत्तर बदलते. मुलगी २५ मिनिटांत उतरून जाईल. दादा बसच्या मागे १२ किलोमीटर गेला तरी डबा त्याच्याच हातात राहील. समीकरणाला थांबे दिसत नाहीत. त्याला जेवढे सांगितले तेवढेच ते पाळते, म्हणून आलेली उकल गोष्टीच्या मर्यादेत बसते की नाही हे सोडवणाऱ्यानेच तपासायचे असते.

अशा उदाहरणांत सापेक्ष वेगाची जवळची वाट आहे. दादा निघाला तेव्हा बस ४ किलोमीटर पुढे होती; दोघांच्या वेगांतला फरक ताशी १२ किलोमीटर; ४ ÷ १२ = १/३ तास, म्हणजे तीच २० मिनिटे. ही वाट ताळ्यासाठी उत्तम आहे. नवख्या विद्यार्थ्याने मात्र तक्त्याची पद्धत अंगवळणी पडल्यावरच तिचा आधार घ्यावा. नाहीतर वेगांची बेरीज कधी घ्यायची आणि वजाबाकी कधी, हे न समजता केवळ पाठ केले जाते.

जाणे-येणे आणि सरासरी वेगाचा चकवा

उपवन तलावाकडून येऊरच्या चढावर एक सायकलस्वार ताशी ८ किलोमीटर वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने ताशी २४ किलोमीटर वेगाने उतरला. जाण्या-येण्याला मिळून ४० मिनिटे लागली. तो किती अंतरावर जाऊन परत फिरला?

चढ आणि उतार हे दोन टप्पे, म्हणून तक्त्यात दोन ओळी. अंतर क्ष दोन्ही ओळींत एकच, आणि दिली आहे ती वेळांची बेरीज. वेळेचे स्तंभ भरले की क्ष/८ आणि क्ष/२४ मिळतात.

क्ष/८ + क्ष/२४ = २/३

८, २४ आणि ३ यांचा लसावि २४. दोन्ही बाजूंना २४ ने गुणल्यास ३क्ष + क्ष = १६, म्हणून क्ष = ४ किलोमीटर. चढायला ३० मिनिटे, उतरायला १०; ताळा जुळला.

त्याचा संपूर्ण फेरीतला सरासरी वेग किती? ८ आणि २४ ची सरासरी १६ येते, म्हणून बहुतेक जण १६ सांगतात. पण एकूण अंतर ८ किलोमीटर आणि एकूण वेळ २/३ तास, म्हणून सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर आहे. कमी वेगाने जाताना त्याने तिप्पट वेळ घालवला, त्यामुळे सरासरी त्या वेगाकडे झुकली. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दोन वेगांची बेरीज करून दोनने भागणे केवळ दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला असेल तेव्हाच चालते.

हे पटत नसेल त्याने पुढचा प्रश्न सोडवून पाहावा. चढताना वेग ताशी ८ होताच. आता संपूर्ण फेरीचा सरासरी वेग ताशी १६ व्हावा असे वाटत असेल तर उतरताना किती वेगाने यावे? २४ हे उत्तर ओठांवर येते, पण ते चुकीचे आहे हे वर दिसलेच. उतरण्याचा वेग य मानून ४ किलोमीटरसाठी समीकरण लिहू. एकूण ८ किलोमीटर ताशी १६ वेगाने जायला अर्धा तास लागतो, म्हणून

४/८ + ४/य = १/२
४/य = ०

य ची कोणतीही किंमत हे समीकरण पूर्ण करत नाही. कारण गोष्टीकडे पाहिले की उमगते: फेरीसाठी जो अर्धा तास होता तो चढण्यातच संपला; आता उतरायला शून्य वेळ उरला आहे. समीकरणाला उकल नसणे हेही उत्तर असते, आणि अशा वेळी ‘आपलेच काहीतरी चुकले’ असे मानून खोडाखोड करू नये.

खाडीतली होडी: दोन चल

होडीच्या उदाहरणांत दोन वेग अज्ञात असतात: संथ पाण्यातला होडीचा वेग आणि प्रवाहाचा वेग. प्रवाहाबरोबर जाताना त्यांची बेरीज होते, प्रवाहाविरुद्ध जाताना वजाबाकी.

ठाण्याच्या खाडीत ऐरोलीजवळून एक होडी ओहोटीच्या प्रवाहाबरोबर समुद्राच्या दिशेने ६ किलोमीटर अर्ध्या तासात गेली आणि त्याच प्रवाहाविरुद्ध तेवढेच अंतर परत यायला तिला ४५ मिनिटे लागली. होडीचा वेग क्ष आणि प्रवाहाचा वेग य मानू. जाताना वेग ६ ÷ १/२ = १२, येताना ६ ÷ ३/४ = ८.

क्ष + य = १२
क्ष − य = ८

बेरीज केली की २क्ष = २०, म्हणून क्ष = १० आणि य = २. इथे तक्ता मांडण्याचीही गरज पडली नाही, कारण दोन्ही फेऱ्यांचे वेग थेट काढता आले. क्ष हा य पेक्षा मोठा आला, हे पाहून घ्यावे; लहान आला असता तर होडी परत येऊच शकली नसती.

नदीच्या उदाहरणात प्रवाह कायम एका बाजूला असतो. खाडीत तो साधारण सहा तासांनी उलटतो, त्यामुळे ‘त्याच प्रवाहाविरुद्ध’ हे शब्द वर मुद्दाम घातले आहेत. खाडीत होडी चालवणारा माणूस प्रवाहाविरुद्ध जाण्याचा उपद्व्याप सहसा करतच नाही. ओहोटीबरोबर जातो आणि भरतीबरोबर परत येतो. परीक्षेतल्या होड्यांना ही सवलत नसते.

वेग बदलल्यावर वेळ वाचतो: वर्गसमीकरण

दहावीच्या विद्यार्थ्यांना धडकी भरवणारा हा प्रकार आहे, परंतु त्याची मांडणी वरच्यापेक्षा वेगळी नाही. ठाणे ते नाशिक अंतर १५० किलोमीटर धरू. एसटीची बस हे अंतर एका ठरावीक सरासरी वेगाने कापते. तिचा वेग ताशी १० किलोमीटर जास्त असता तर ती अर्धा तास लवकर पोहोचली असती. मूळ वेग काढायचा आहे.

‘असता तर’ हे शब्द आले की एकच बस दोन ओळींत मांडावी: प्रत्यक्षातली आणि कल्पनेतली. वेग क्ष आणि क्ष + १०, अंतर दोन्हीकडे १५०, म्हणून वेळ १५०/क्ष आणि १५०/(क्ष + १०). मोठा वेळ कोणता ते आधी ठरवावे. कमी वेगाला जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्यातून दुसरा वजा करायचा.

१५०/क्ष − १५०/(क्ष + १०) = १/२

दोन्ही बाजूंना २क्ष(क्ष + १०) ने गुणल्यास डाव्या बाजूला ३००(क्ष + १०) − ३००क्ष, म्हणजे ३००० उरतात.

क्ष² + १०क्ष − ३००० = ०
(क्ष + ६०)(क्ष − ५०) = ०

क्ष = ५० किंवा क्ष = −६०. वेग ऋण नसतो, म्हणून मूळ वेग ताशी ५० किलोमीटर. ताळा: १५० ÷ ५० = ३ तास, १५० ÷ ६० = अडीच तास, फरक अर्ध्या तासाचा. उत्तरपत्रिकेत ऋण मूळ का सोडले, ते एका वाक्यात अवश्य लिहावे.

सोडून दिलेल्या −६० कडे जाता जाता एक नजर टाकण्यासारखी आहे. कल्पनेतल्या बसचा वेग ६० होता आणि टाकलेले मूळ आले उणे ६०, हा योगायोग नाही. वरच्या समीकरणात क्ष च्या जागी −(क्ष + १०) ठेवले तर दोन पदांची फक्त अदलाबदल होते आणि समीकरण जसेच्या तसे राहते. म्हणून या साच्याच्या उदाहरणात एक मूळ मूळचा वेग असतो आणि दुसरे, चिन्ह बदलून, वाढवलेला वेग असतो. अवयव पाडताना हे ध्यानात असले की ३००० चे असे दोन अवयव शोधायचे, ज्यांत १० चा फरक आहे, एवढेच काम राहते.

आगगाडी आणि बोगदा

गाडी खांब ओलांडते तेव्हा ती स्वतःच्या लांबीइतके अंतर जाते. ती बोगदा ओलांडते तेव्हा बोगद्याची लांबी अधिक स्वतःची लांबी इतके अंतर जाते, कारण इंजिन बाहेर पडले तरी शेवटचा डबा अजून आतच असतो. हे एक वाक्य समजले की हा प्रकार संपला.

कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला पारसिकचा जुना बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा आहे. एका मेल गाडीला रुळांशेजारचा खांब ओलांडायला २५ सेकंद लागले आणि इंजिन बोगद्यात शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत ९० सेकंद. गाडीची लांबी क्ष मीटर आणि वेग सेकंदाला य मीटर मानल्यास क्ष = २५य आणि क्ष + १३०० = ९०य. वजाबाकी केली की ६५य = १३००, म्हणून य = २० आणि क्ष = ५००. गाडी ५०० मीटर लांब, तिचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. इतकी लांबी वीस-एकवीस डब्यांच्या गाडीला शोभणारी आहे. उत्तर ५० मीटर किंवा ५ किलोमीटर आले असते तर गणित पुन्हा तपासावे लागले असते. उत्तराकडे असे व्यवहारी नजरेने पाहण्याची सवय परीक्षेत बरेच गुण वाचवते.

सरावासाठी तीन उदाहरणे

पहिले: एका माणसाचे घर स्थानकापासून ६ किलोमीटरवर आहे. तो काही अंतर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो आणि उरलेले शेअर रिक्षाने ताशी २० किलोमीटर वेगाने जातो. एकूण २७ मिनिटे लागतात. तो किती चालतो? (चाललेले अंतर क्ष घ्यावे, रिक्षाचे ६ − क्ष, समान काय, तर वेळांची बेरीज.)

दुसरे: एकमेकांपासून ३६ किलोमीटरवर असलेल्या दोन स्थानकांहून दोन गाड्या एकाच वेळी समोरासमोर निघतात. एकीचा वेग दुसरीपेक्षा ताशी १२ किलोमीटर जास्त आहे आणि त्या अर्ध्या तासाने एकमेकींना ओलांडतात. दोघींचे वेग काढावेत.

तिसरे: संथ पाण्यात ताशी ९ किलोमीटर वेगाने जाणारी होडी प्रवाहाबरोबर १२ किलोमीटर जाऊन तेवढेच अंतर प्रवाहाविरुद्ध परत येते. एकूण ३ तास लागतात. प्रवाहाचा वेग किती?

उत्तरे: पहिल्यात १ किलोमीटर, म्हणजे चालण्यात १२ मिनिटे आणि रिक्षात १५. दुसऱ्यात ताशी ३० आणि ४२ किलोमीटर. तिसऱ्यात १२/(९ + य) + १२/(९ − य) = ३ या समीकरणावरून य² = ९ मिळते, म्हणून प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर; जायला १ तास आणि यायला २ तास.